भरून येणं

नागपुरात नुसतं ‘सदर’ म्हटलं की पुरतं. रेसिडेन्सी रोड, लिबर्टी टॉकीज, मंगळवारी बाजार, पलीकडे छावणी, सगळं त्या तीन अक्षरांत येतं. साताऱ्याला, सोलापूरला, जालन्याला ‘सदर बझार’ आहे. आपण बाजार गाळला आणि सदर ठेवलं. छावणीचा मुख्य बाजार तो सदर बाजार, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. पण ‘मुख्य’ या अर्थाला तो शब्द पोचला कसा हे पाहू गेलं तर वाट शरीरातून जाते. अरबीत ‘सद्र’ म्हणजे छाती. छाती पुढे असते, म्हणून सद्र म्हणजे पुढचा भाग. बैठकीत पुढची जागा मानाची, म्हणून सद्र म्हणजे मानाची जागा. आणि तिथे बसणारा तो प्रमुख. वाड्याची सदर, सदर अदालत, नियतकालिकातलं सदर, ‘सदरहू इसम’ ही सगळी त्याच छातीची लेकरं. अंगात घालायचा सदराही तिथलाच, कारण तो छाती झाकतो. रहिवासाच्या एखाद्या दाखल्यावर ‘सदर रुग्ण सदर येथील रहिवासी असून’ असं वाचलं की मला ते वाक्य अरबी कानांनी ऐकावंसं वाटतं.

तर या सदराच्या आतल्या एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. एका माणसाचं हृदय काढून दुसऱ्याच्या छातीत बसवलं, ते चाललं, त्याला शरीराने हाकलून देऊ नये म्हणून जन्मभराच्या गोळ्या लावल्या, आणि तरीही काही वर्षांनी त्या हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या आतून बुजत गेल्या. हा विकार वैद्यकात फार छळणारा. आणि मला असं दिसतं की त्याचं मर्म आपल्या एका जुन्या शब्दात आधीपासून ठेवलेलं आहे.

आधी छातीतला ऐवज पाहू. मराठी माणूस हृदयाला काळीज म्हणतो, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते पार चुकीचं आहे. काळीज म्हणजे यकृत. संस्कृतात ‘कालेय’ म्हणजे यकृत, त्याचं काळीज झालं. हिंदीचा कलेजाही त्याच घरचा. मटणाच्या दुकानात ‘कलेजी’ मागितली की खाटीक बरोबर यकृतच देतो, त्याचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो आपला, काळजाचा ठोका चुकतो म्हणताना. खुद्द ‘हृदय’ शब्द प्राकृतात ‘हिअअ’ झाला आणि मराठीत ‘हिय्या’ म्हणून उतरला, पण तोवर त्याचा अर्थ धाडस एवढाच उरला होता. हिय्या करून ऑपरेशनला उभा राहिलेला माणूस व्युत्पत्तीने हृदय करूनच उभा राहिलेला असतो. ‘श्रद्धा’ या शब्दातलं ‘श्रत्’ हेही भाषाशास्त्रज्ञ हृदयवाचक जुन्या मुळाशी नेऊन भिडवतात. श्रत् अधिक धा, हृदय ठेवणं. लॅटिनमधलं ‘क्रेडो’ त्याचंच सख्खं भावंड. हृदय दुसरीकडे ठेवण्याची कल्पना भाषेला तीन-चार हजार वर्षांपूर्वीच सुचली होती म्हणायची.

शल्यविशारदांना ती जमली १९६७ साली. ३ डिसेंबरला केपटाउनच्या ग्रूट श्यूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं. ते अठरा दिवस जगले आणि न्यूमोनियाने गेले. शरीराने हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी जंतूंना दार मोकळं झालं होतं. त्यानंतर जगभर लाटच आली. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, पण बर्नार्ड यांच्यानंतर अडीच महिन्यांच्या आत परळमध्ये हे झालं, हे विसरण्यासारखं नाही. त्या एका वर्षात जगात शंभरावर प्रत्यारोपणं झाली आणि बहुतेक रुग्ण लवकर गेले. मग बहुतेकांनी सुऱ्या खाली ठेवल्या.

वर्तमानपत्रांना या निमित्ताने एक शब्द लागला: प्रत्यारोपण. आता तो इतका रुळला आहे की त्याची घडण कुणी पाहत नाही. पण हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्समधलं विधानभवन गजबजलं की नागपूरच्या पेपरांत एकाच पानावर ‘आरोप-प्रत्यारोपांच्या फैरी’ आणि ‘हृदय प्रत्यारोपण यशस्वी’ असे दोन मथळे शेजारी बसू शकतात, आणि दोहोंत शब्द जवळजवळ एकच असतो. संस्कृत ‘रुह्’ म्हणजे वाढणं, वर चढणं. त्यावरून आरोह, आरूढ. त्याचंच प्रयोजक रूप ‘रोपय’, म्हणजे वाढायला लावणं, रोवणं. ‘आरोप’ म्हणजे एखादी गोष्ट एखाद्यावर चढवणं. गुन्हा चढवला की तो आरोपी. ‘आरोपण’ म्हणजे लावणं. ‘प्रति’ मात्र चलाख उपसर्ग आहे. प्रत्यारोपात तो ‘उलट’ म्हणतो, प्रत्यारोपणात ‘च्या जागी’ म्हणतो, प्रतिकारात ‘विरुद्ध’ म्हणतो. प्रत्यारोपणानंतर शरीर प्रतिकार करतं, या चार शब्दांच्या साध्या वाक्यात ‘प्रति’ दोन टोकांना उभा आहे.

रुह् धातूचा संसार मोठा. ‘रूढ’ म्हणजे मूळ धरलेलं, म्हणून रूढी. रोप, रोपटं तर सरळच. भंडारा-गोंदियाकडे, आणि आमच्या जिल्ह्याच्या मौदा-रामटेक पट्ट्यात, आषाढात बाया रोवण्यावर जातात. आधी पऱ्हे टाकायचे, ते वीतभर झाले की उपटायचे आणि चिखल केलेल्या बांधीत पुन्हा रोवायचे. कोकणात याला लावणी म्हणतात, झाडीपट्टीत रोवणी. प्रत्यारोपण या जड शब्दाचा अचूक मराठी अर्थ रोवणीत आहे: एका जागचं उपटून दुसऱ्या जागी लावलेलं, आणि आता तिथे ते जीव धरतं की पिवळं पडतं याची वाट पाहणं.

पण रोपणाचा दुसरा अर्थ आपण हरवला आहे, आणि माझं सगळं बोलणं त्याच्यासाठी आहे. सुश्रुतसंहितेत ‘रोपण’ म्हणजे जखम भरून आणणं. व्रणावरचे साठ उपक्रम सुश्रुतांनी सांगितले आहेत, त्यांत ‘शोधन’ म्हणजे जखम साफ करणं आणि ‘रोपण’ म्हणजे ती भरवणं. भरत चाललेला व्रण ‘रुह्यमान’ आणि पुरता भरलेला तो ‘रूढ’. रोप वाढतं तसं जखमेत मांस वाढतं, म्हणून धातू तोच. आयुर्वेदाच्या मलमांच्या डबीवर ‘व्रणरोपक’ हा शब्द अजून छापलेला दिसतो, एवढीच त्या अर्थाची आता वस्ती. मराठीने त्यासाठी आपला शब्द केला: भरून येणं. जखम भरून येते, ऊर भरून येतो. दोन्हीकडे रिकामं होतं ते भरतं. नळी मात्र रिकामीच असावी लागते, ती भरून आली तर घात.

इंग्रजी वैद्यकातला ‘ग्राफ्ट’ हा शब्द आपल्याकडे डॉक्टरांच्या तोंडी मराठी झाला आहे: ‘ग्राफ्ट चांगलं चाललंय’. त्याचं कूळ ग्रीक ‘ग्राफिऑन’, म्हणजे लिहायची टोकदार लेखणी. झाडावर बांधायची फांदी तासून लेखणीसारखी टोकदार करतात, म्हणून ती ग्राफ्ट. आता आपला शब्द घ्या. काटोल, नरखेड, वरुडकडे संत्र्याची ‘कलमं’ बांधतात, आणि कलम म्हणजेही लेखणी. अरबी ‘कलम’ ग्रीक ‘कालामोस’वरून आला, बोरू या अर्थाने. दोन भाषा एकमेकींना न विचारता झाडाच्या जोडकामाला लेखणीचंच नाव देतात याचं मला राहून राहून कौतुक वाटतं. आपल्या कलमाने तर पुढे कायद्यातही जागा पटकावली. मेंदूमृत माणसाचे अवयव घेता येतील असं ठरवणारा केंद्राचा कायदा १९९४ सालचा, आणि त्याचीही कलमंच.

संत्र्याचं कलम करणाऱ्याला विचारा. खाली जंबेरीचा खुंट, त्यावर संत्र्याचा डोळा बसवायचा, पट्टी बांधायची. झाड मोठं झालं तरी खाली जंबेरी जंबेरीच राहते आणि वर संत्रं संत्रंच. खुंट आणि डोळा एकमेकांना सहन करतात, पण एक होत नाहीत. हृदयाचंही तसंच: दहा वर्षं छातीत धडधडलेलं हृदयही बहुतांशी दात्याचंच असतं. फरक एवढाच की झाडाला आपल्यासारखं पहाऱ्यावरचं रक्त नाही. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी परक्याला ओळखतात आणि सोडत नाहीत. इस्पितळात याला ‘रिजेक्शन’ म्हणतात, कागदोपत्री ‘अस्वीकृती’ म्हणतात. घरची माणसं याहून चांगला शब्द वापरतात: ‘त्याला नवीन हार्ट मानवलं.’ हवा मानवते, पाणी मानवतं, नोकरी मानवते, तसं हृदय. मानवणं म्हणजे मान्य होणं आणि सुखाचं होणं, दोन्ही एकदम. अस्वीकृतीत त्यातलं अर्धंच येतं.

मानवावं म्हणून जी औषधं देतात त्यांचं मराठी नाव ‘प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं’ असं लांबलचक आहे. इंग्रजीतल्या ‘इम्यून’ शब्दाची गंमत महसूल खात्यातली आहे. लॅटिन ‘मुनुस’ म्हणजे सरकारदेणं, सेवा. ‘इम्यूनिस’ म्हणजे ते माफ असलेला. आपल्याकडच्या माफीच्या जमिनीचा जो मालक, तोच रोमचा इम्यूनिस. रोग ज्याला लागत नाही त्याला रोगाच्या साऱ्याची माफी, असा तो अर्थ फिरला. मग ही गोळी काय करते, तर त्या माफीवर टाच आणते. २०२० नंतर घरोघरी ‘इम्युनिटी वाढवा’चा गजर झाला तेव्हा प्रत्यारोपण झालेल्यांची पंचाईत झाली. शेजारपाजारचे मायेने गुळवेलीचा काढा घेऊन यायचे आणि यांना तो नको म्हणावा लागायचा, कारण यांचं जगणंच इम्युनिटी कमी ठेवण्यावर. वाढवा म्हणणाऱ्या जगात कमी ठेवणाऱ्याची गोष्ट कुणाला पटवून सांगणार?

या गोळ्यांची नावं उच्चारायला कठीण, पण उलगडली तर गावंच्या गावं निघतात. सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या हार्डांगरव्हिड्डा पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून आलं. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने सुट्टीवर असताना, १९६९ साली, ती माती पिशवीत भरून आणली होती. ‘सायक्लो’ म्हणजे ग्रीक ‘कुक्लोस’, आणि तो आपल्या ‘चक्रा’चा सख्खा भाऊ, ‘स्पोर’ म्हणजे बी, पेरणी. चक्राकार रेणू आणि बुरशीचं बी, यांवरून नाव. म्हणजे हृदयाची रोवणी जगवणाऱ्या औषधाच्या नावातच पेरणी आहे. १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि सुऱ्या खाली ठेवलेल्यांनी त्या पुन्हा उचलल्या. दिल्लीच्या एम्समध्ये ३ ऑगस्ट १९९४ रोजी डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं ते या नव्या औषधांच्या युगात. त्याच तारखेला आता अवयवदान दिन पाळतात. मुंबईला मात्र केईएमनंतर तब्बल ४७ वर्षं थांबावं लागलं. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी बसवलं. नागपूरच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राचं ‘झेडटीसीसी’ हे नाव आणि ‘ग्रीन कॉरिडॉर’ हा शब्द आपल्या कानांना सरावला तो त्यानंतरच्या वर्षांत. हृदय बाहेर काढल्यावर साधारण चार तासांत बसवावं लागतं, म्हणून वर्धा रोडवरचे सिग्नल अडवून विमानतळाकडे गाडी पळते.

टॅक्रोलिमस हे दुसरं नाव. जपानमधल्या त्सुकुबा भागाच्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ साली ते मिळालं. त्सुकुबाचा ‘ट’, मॅक्रोलाइडमधला ‘अ‍ॅक्रोल’ आणि इम्युनोसप्रेसंटचा ‘इमस’. बारशाला आत्याऐवजी कारकून बसवला तर असंच नाव निघेल. तिसरं सिरोलिमस. याचं पाळण्यातलं नाव रॅपामायसिन, कारण १९६४-६५च्या कॅनडाच्या मोहिमेने ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीत त्याचा जिवाणू सापडला आणि त्या बेटाचं तिथल्या लोकांच्या भाषेतलं नाव ‘रापा नुई’. ते वेगळं काढलं मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेन सहगल यांनी. मूळचे पंजाबातले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. आधी ते बुरशीवरचं औषध म्हणून तपासलं गेलं, पण ते प्रतिकारशक्ती दडपतं असं दिसल्यावर तो दोष ठरला. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा सहगल यांनी त्या जिवाणूचं वाण घरच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवलं आणि वर्षानुवर्षं सांभाळलं. शेतकरी बियाणं सांभाळतो त्या जातीचं हे काम. पुढे जो दोष होता तोच गुण झाला.

तर नॉर्वेची, जपानची, ईस्टर बेटाची माती पोटात घेऊन माणूस जगतो. आता त्या रक्तवाहिन्यांकडे येऊ.

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या वेगळ्या. त्या त्याच्याभोवती मुकुटासारख्या बसतात, म्हणून लॅटिन ‘कोरोना’वरून करोनरी. त्याच मुकुटावरून नाव मिळालेला विषाणू २०२० साली घरोघरी माहीत झाला आणि ‘करोनरीचा पेशंट’ म्हटलं की शेजारी दोन पावलं मागे सरकायचे. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी मुकुट घेतला नाही, ‘हृद्‌रोहिणी’ केलं. हा शब्द मला मुकुटापेक्षा कितीतरी सुंदर वाटतो. सुश्रुतांनी सिरांचे रंगावरून चार वर्ग केले आहेत: वाताच्या अरुणा, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी आणि रक्ताच्या रोहिणी. मराठीने त्यांतल्या दोन उचलून रोहिणी म्हणजे शुद्ध रक्ताची वाहिनी आणि नीला म्हणजे अशुद्ध रक्ताची, अशी वाटणी केली. पुढे शाळेच्या पुस्तकांत ‘धमनी’ आणि ‘शिरा’ आल्या. धमनी ‘धम्’ या फुंकण्याच्या धातूवरून. ग्रीकांचा ‘आर्टेरिया’ शब्दही मुळात श्वासनलिकेचा; मेलेल्या शरीरात या नळ्या रिकाम्या दिसतात, तेव्हा त्यांतून वारा वाहत असणार असा जुन्यांचा समज. रोहिणीत वारा नाही, लाल रंग आहे. आणि इथे एक सावधगिरी: रोहिणी आणि रोपण कानाला सख्खे वाटले तरी त्यांचं मूळ वेगळं. रोहिणी ‘रोहित’मधून, म्हणजे लाल, रुधिराच्या घरातून, रोपण वाढीच्या रुह् मधून. भाषेने सारखे चेहरे दिलेले हे दोन परके हृदय प्रत्यारोपणात एकमेकांना गाठतात.

गाठ पहिल्यांदा उघड झाली ती बर्नार्ड यांच्या दुसऱ्या रुग्णात. फिलिप ब्लायबर्ग, पेशाने दंतवैद्य. २ जानेवारी १९६८ रोजी त्यांना २४ वर्षांच्या क्लाइव्ह हॉप्ट यांचं हृदय बसवलं. वंशभेदाच्या दक्षिण आफ्रिकेत एका ‘कलर्ड’ तरुणाचं हृदय गोऱ्या माणसाच्या छातीत, म्हणून जगभर चर्चा झाली. ब्लायबर्ग एकोणीस महिने जगले, समुद्रात पोहले, पुस्तक लिहिलं. ऑगस्ट १९६९ मध्ये ते गेले आणि शवविच्छेदनात दिसलं की चोवीस वर्षांच्या पोराच्या त्या हृदयाच्या रोहिण्या म्हाताऱ्या माणसाच्या असाव्यात तशा बुजल्या होत्या. पोराचं हृदय एकोणीस महिन्यांत म्हातारं झालं.

हे काय असतं ते आता बऱ्यापैकी कळलं आहे. एरवीच्या करोनरी आजारात चरबीचा थर एखाद्या जागी, एका बाजूला साचतो; डॉक्टर तिथे स्टेंट घालतात किंवा त्याला वळसा देऊन बायपास करतात. प्रत्यारोपित हृदयात तसं नसतं. रोहिणीचं आतलं अस्तर टोकापासून टोकापर्यंत, बारीक फांद्यांपर्यंत, चहूबाजूंनी सारखं जाड होत जातं. बायपास करायचा तर पलीकडे जोडायला चांगली जागाच उरत नाही. कारण काय? पहाऱ्यावरच्या पेशी त्या परक्या अस्तराला सतत ओरखडत राहतात. गोळ्यांनी त्यांचा जोर कमी होतो, थांबत नाही. त्यात काही गोळ्या रक्तदाब वाढवतात, कोलेस्टेरॉल वाढवतात, साखर वाढवतात, आणि दबलेल्या प्रतिकारात सायटोमेगॅलोसारखे विषाणू डोकं वर काढतात; त्यांचाही अस्तराला मार बसतो. आणि ओरखडा पडला की शरीर त्याचा धर्म पाळतं: जखम भरून काढतं. स्नायूपेशी अस्तरात सरकतात, वाढतात, भर घालतात. पुन्हा ओरखडा, पुन्हा भर. सुश्रुतांच्या शब्दात सांगायचं तर रोपणाचं रोपण चालू राहतं. रोवलेलं हृदय भरून येण्यानेच बंद पडतं. प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांनी साधारण तीस टक्के लोकांत हा विकार दिसतो, दहा वर्षांनी जवळजवळ निम्म्यांत. कागदावर त्याचं नाव ‘कार्डियाक अ‍ॅलोग्राफ्ट व्हॅस्क्युलोपथी’, डॉक्टरांच्या तोंडी नुसतं ‘सीएव्ही’. मराठीत त्याला अजून नाव रुजलेलं नाही. कुणी करायला घेतलं तर ‘विकृती’, ‘काठिण्य’ वगैरे ठोकळ्यांआधी ‘अतिरोपण’ या शब्दाकडे एकदा बघावं, एवढी माझी शिफारस.

याहून वाईट गोष्ट कळेची. छातीत कळ येते ती नसांमुळे. हृदय एका छातीतून काढताना त्याच्या नसा कापल्या जातात, आणि दुसऱ्या छातीत रक्तवाहिन्या शिवता येतात, नसा शिवत नाहीत. म्हणून नवं हृदय बसल्या-बसल्याही मिनिटाला नव्वद-शंभर ठोके टाकतं; त्याला आवरणारी नस तुटलेली असते. आणि रक्त कमी पडलं तरी ते ओरडत नाही. डॉक्टर विचारतात, ‘काका, छातीत दुखतं का?’ काका म्हणतात, ‘नाही जी, काहीच नाही.’ काका खरंच सांगत असतात. कळ येत नाही म्हणून कळत नाही. काहींच्या नसा वर्षांनी थोड्याफार पुन्हा जुळतात, पण त्यावर विसंबता येत नाही. म्हणून काही तक्रार नसतानाही ठरलेल्या काळाने अँजिओग्राफी करायची, आणि अँजिओग्राफीत फक्त पोकळीची सावली दिसते, भिंतीची जाडी नाही, म्हणून शक्य तिथे रक्तवाहिनीच्या आत सोनोग्राफीची बारीक तार घालून बघायचं. दुखत नसताना एवढं कशाला, असं घरचे विचारतात. दुखत नाही म्हणूनच, हे उत्तर समजावायला डॉक्टरांना दरवेळी नव्याने वेळ लागतो.

इलाज? इथे ईस्टर बेटाची माती पुन्हा येते. सिरोलिमस आणि त्याचा धाकटा भाऊ एव्हरोलिमस हे पहारेकऱ्यांना आवरतातच, शिवाय अस्तरातल्या पेशींची वाढही रोखतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, सहाशेवर रुग्णांच्या चाचणीत अझाथायोप्रिन या जुन्या औषधापेक्षा एव्हरोलिमस घेणाऱ्यांच्या अस्तराची जाडी वर्षभरात कमी वाढली. मग ही गोळी पहिल्या दिवसापासून का देत नाहीत? कारण ती भरून येणंच थांबवते. छातीचं हाड चिरलेलं असतं, टाके ओले असतात. त्या काळात हे औषध दिलं तर जखम भरत नाही, उकलते, पाणी साचतं. म्हणून आधी टॅक्रोलिमसवर काढायचं, वरची जखम रूढ होऊ द्यायची, आणि मग गरज पाहून काही आठवड्यांनी-महिन्यांनी इकडे वळायचं. एकाच माणसाच्या छातीवर रोपण हवं आणि छातीच्या आत नको. आधुनिक औषधशास्त्राला ही कसरत करावी लागते ती सुश्रुतांच्या एका शब्दाच्या दोन बाजूंची. सोबत कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी मात्र लवकर सुरू करतात. तिच्याने हा विकार आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, हे लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी १९९५ सालीच दाखवलं आहे.

ही औषधं पेशीतल्या ज्या प्रथिनावर काम करतात त्याचं नाव ‘टॉर’. टार्गेट ऑफ रॅपामायसिनची आद्याक्षरं. १९९१ साली ते बासेलमध्ये सापडलं, आणि त्या शहराच्या जुन्या वेशीला जर्मनमध्ये ‘टोर’ म्हणतात, तीही खूण त्यात ठेवली. टोर ऐकून मराठी माणसाला तोरण आठवेल, पण नातं तोरणाशी नाही; ‘द्वारा’शी आहे, म्हणजे आपल्या साध्या ‘दारा’शी.

आणि ही औषधं आपल्याला वाटतात तेवढी परकी नाहीत. आपल्या ओळखीत ज्यांना साधा हृदयविकार होऊन ‘औषधवाली’ स्टेंट बसली आहे, त्यांच्या त्या स्टेंटवर बहुधा याच घरातल्या औषधाचा लेप असतो. नुसती धातूची जाळी घातली की तिच्याभोवती जखम भरून येते आणि नळी पुन्हा बुजते, म्हणून लेप. आणि लेपामुळे भरणं लांबतं, धातू उघडा राहतो, त्यावर गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या महिनोन्‌महिने. त्या परस्पर बंद करू नका, असं डॉक्टर बजावतात त्यामागे हेच रोपण आहे.

राहता राहिला नागपुरी प्रश्न, जो इथला कुठलाही रुग्ण विचारल्याशिवाय राहत नाही: संत्रं चालेल का? सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, सिरोलिमस या सगळ्यांचा निचरा आतड्यातल्या आणि यकृतातल्या एका विकराकडून होतो. ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्यं त्या आतड्यातल्या विकराला निकामी करतात. मग तीच गोळी रक्तात जास्त चढते आणि मूत्रपिंडांना भारी पडते. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं मिळत नाही, पण त्याचा बाप मिळतो: पपनस. तेलुगूचं पंपरपनस, तमिळचं पंबळिमास आणि डचांचं पॉम्पेलमूस या सगळ्यांत तो फिरून आला आहे. दिवाळीच्या आसपास हातगाडीवर दिसतो, आणि प्रत्यारोपण झालेल्याने त्याच्याकडे बघून पुढे जायचं. संत्र्याचं नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश बहुधा पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आलं म्हणतो. ते खरं असो वा नसो, आपलं नागपुरी संत्रं मँडरिनच्या जातीचं, त्यात ती द्रव्यं नगण्य. तेव्हा संत्रं सोलून खायला हरकत नाही. मिश्र फळांचा डबाबंद रस मात्र मागचं लेबल वाचून घ्यावा, आणि गोळीची रक्तातली पातळी ज्या तारखेला तपासायची ती चुकवू नये.